पेशीविभाजनाच्या अवस्था मुलांना कशा शिकवता? (नावं पाठ होतात, पुढचं अडतं)

मुळाक्षर
परवा आठवीचे पेपर तपासत होते. प्रश्न नेहमीचाच, एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होतात त्या विभाजनाचा: 'सूत्री विभाजनाच्या अवस्था आकृत्यांसह स्पष्ट करा.' पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, जवळजवळ सगळ्या वर्गानं नावं क्रमानं आणि बिनचूक लिहिली होती. बरं वाटलं. मग आकृत्यांकडे नीट पाहायला लागले.

एका मुलीची आकृती फार सुबक होती. कंपासनं काढलेला गोल, आत लाल-निळ्या पेन्सिलीनं चार फुल्या, म्हणजे चार गुणसूत्रं (पेशीतल्या डीएनएचे धागे). मध्यावस्थेत चारही एका रेषेत. पश्चावस्थेत मात्र दोन अख्ख्या फुल्या वरच्या ध्रुवाकडे (पेशीच्या टोकाकडे) आणि दोन अख्ख्या फुल्या खालच्या ध्रुवाकडे. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं.

"नव्या पेशीत किती गुणसूत्रं आली?"
"दोन."
"ती पेशी पुन्हा विभागली तर?"
"एकेक."
"आणि मग?"
ती बराच वेळ आकृतीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग बाई, संपली."

त्या शब्दांनी मी दोन दिवस अस्वस्थ आहे. तिला पूर्ण गुण मिळाले असते, मी फक्त नावं पाहिली असती तर. पुढच्या आठवड्यात हा पाठ पुन्हा घेणार आहे. हातात दोन तास आणि एक प्रात्यक्षिक आहे. तुम्ही कसं शिकवता? नावं आधी की नंतर? शिक्षक नसलात तरी लिहा, कुणी तुम्हाला कसं शिकवलं आणि काय लक्षात राहिलं तेही हवंय.

पारंबी
"मग बाई, संपली" हे वाचून अंगावर काटा आला. त्या मुलीचं तर्कशास्त्र एकदम चोख आहे हो. आकृती चुकली, विचार नाही चुकला. माझ्या मते पाठाची सुरुवात तिच्याच आकृतीनं करा (नाव न सांगता). फळ्यावर काढा आणि वर्गाला विचारा, ही पेशी किती वेळा विभागू शकेल? मुलं आपणहून म्हणतील की कुठेतरी गुणसूत्रं दुप्पट व्हायलाच हवीत.

रानजाई
मुळाक्षर, मी तीस वर्षं हा पाठ शिकवला. पहिली काही वर्षं माझ्याही वर्गात नेमकी हीच आकृती यायची. चूक मुलांची नसते, आपण गोष्ट मधूनच सुरू करतो. पूर्वावस्थेत गुणसूत्रं दिसायला लागतात तेव्हा ती आधीच दुहेरी झालेली असतात. खरं मोठं काम त्याच्या आधी, इंटरफेजमध्ये (दोन विभाजनांमधल्या काळात) होऊन गेलेलं असतं, आणि ते आपण एका ओळीत उरकतो. जुन्या पुस्तकांत तर त्याला 'विश्रांती अवस्था' म्हणायचे. विश्रांती कसली! पेशी वाढते, डीएनएची अख्खी प्रत काढते, पुढच्या कामाची जुळवाजुळव करते. सूक्ष्मदर्शकातून काही हालचाल दिसत नव्हती म्हणून लोकांना वाटलं की ती आराम करतेय.

मी काय करायचे ते सांगते. फुल्या तयार करून मुलांच्या हातात कधीच द्यायच्या नाहीत. लोकरीचे सुटे धागे द्यायचे. मुलांच्या प्रत्येक जोडीला चार धागे, दोन लांब, दोन आखूड, लांबात एक लाल एक निळा, आखूडातही तसंच. कागदावर एक मोठा गोल म्हणजे पेशी, आत छोटा गोल म्हणजे केंद्रक. पहिली सूचना: "प्रत्येक धाग्याची हुबेहूब प्रत करा. तोच रंग, तीच लांबी." मुलं मोजतात, कापतात. दुसरी सूचना: "मूळ आणि प्रत हरवू नयेत म्हणून एका जागी बांधा." ती गाठ म्हणजे गुणसूत्रबिंदू. गाठ मारली की फुली आपोआप तयार होते!

फुली म्हणजे काय, हे त्यानंतर मला कधी समजावून सांगावं लागलं नाही. ज्या हातानं प्रत कापली त्या हाताला माहीत असतं की या दोन भुजा एकमेकींच्या प्रती आहेत. मग "दोन्ही घरांत सगळं सारखं पोचायला हवं, कसं वाटाल?" एवढंच विचारायचं. मुलं गाठ सोडतात.

शेवाळ
+१ रानजाईताई. "मुलं गाठ सोडतात" इथे सगळं आलं.

साधा_माणूस
मी शिक्षक नाही, पालक आहे. थोडं विरोधात बोलतो, राग नसावा. माझ्या मुलानं 'पू-म-प-अं' असं गुणगुणत चारही नावं पाठ केली आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. आम्ही पाढे आधी पाठ केले, अर्थ मागाहून उमगला. नावं डोक्यात असली की पुढे माहिती टांगायला खुंटी मिळते. हल्ली पाठांतराला फार नावं ठेवतात.

भिंगरी
साधा_माणूस, पाठांतराला माझा विरोध नाही, पण पाढा आणि हे यात फरक आहे. पाढा पाठ असला तर हिशेब बरोबर येतो. इथे नावं पाठ असूनही हिशेब चुकला, तेच तर मुळाक्षर सांगतायत. मी नावं शेवटी देते. मुलांनी सगळं करून पाहिल्यावर विचारते, "तुम्ही काय काय केलंत त्याला तुमची नावं द्या." मागच्या वर्षी एका गटानं दिलेली नावं: आवराआवर, रांग, ताटातूट, दोन संसार. मग फळ्यावर शेजारी खरी नावं लिहिली. त्या गटातला एकही मुलगा परीक्षेत क्रम चुकला नाही.

गवतफुला
आवराआवर, रांग, ताटातूट, दोन संसार!! उद्यापासून माझ्या वर्गात हेच. भिंगरी, त्या मुलांना माझ्याकडून शाबासकी द्या.

दवबिंदू
नावांवरून आठवलं. आपल्याकडे शब्द फार बोलके आहेत, फक्त ते आपण मुलांना उलगडून दाखवत नाही. सूत्र म्हणजे धागा. वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं १८८२ साली या विभाजनाला 'मायटोसिस' नाव दिलं तेही धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, कारण त्याला रंगवलेल्या पेशींत धागे दिसत होते. म्हणजे 'सूत्री विभाजन' हा शब्द त्याच चित्रावर बेतलेला आहे. 'क्रोमोसोम' हा शब्द मात्र वाल्डायर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाचा, १८८८ सालचा, अर्थ रंगणारी वस्तू. म्हणून मराठीत काही जुन्या पुस्तकांत 'रंगसूत्र' सापडतं.

आणि तर्कुतंतू, म्हणजे गुणसूत्रांना ध्रुवांकडे नेणारे तंतू! तर्कु म्हणजे सूत कातायची चाती. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. मध्यावस्थेची आकृती पाहा, हुबेहूब चाती. मी चातीचं चित्र आधी दाखवतो आणि मग मध्यावस्थेचं. "सर, हे तेच आहे!" असं मागच्या बाकावरून येतंच.

सूक्ष्म
मी पेशींवर काम करतो, वर्गात शिकवत नाही. एक सुचवू? 'आवराआवर' का करावी लागते हे मुलांना आकड्यांत दाखवा, त्याशिवाय पूर्वावस्था म्हणजे नुसता दिखावा वाटतो.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजला तर ६ च्या आसपास. हे आकडे मुलांच्या डोक्यात बसत नाहीत, म्हणून सगळं दहा हजार पट मोठं करा. केंद्रक ६ सेंटिमीटरचं होतं, मुठीत मावेल एवढं. आणि धागा? २० किलोमीटर! ४६ तुकड्यांत, म्हणजे एकेक तुकडा सरासरी चारशे मीटरहून लांब. जाडी मात्र एवढं मोठं करूनही मिलिमीटरचा पन्नासावा भाग. विभाजनाआधी याची प्रत निघते, म्हणजे एकूण ४० किलोमीटर. आता विचारा, "हा गुंता न तोडता दोन मुठींत सारखा वाटायचाय, आधी काय कराल?" कुणीतरी म्हणणारच, "गुंडाळ्या करू." तीच पूर्वावस्था. गुणसूत्रं आखूड आणि जाड होतात ती नेता यावीत म्हणून.

रानजाई
सूक्ष्म, हे मला तीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. लोकरीच्या धाग्याच्या गुंडाळ्या करायला लावणं किती सोपं होतं! ती पायरी माझ्याकडून सुटलीच होती.

गवतफुला
मी मैदानावर नेते. आठ मुलांच्या चार जोड्या, हात धरून उभ्या. एक जोडी म्हणजे एक गुणसूत्र, त्यातलं एकेक मूल म्हणजे एक अर्धगुणसूत्र. दोन मुलं दोन टोकांना, ती ध्रुव. उरलेली मुलं हात धरून कडं करतात, ते केंद्रकावरण. शिट्टी वाजली की कडं सुटतं, जोड्या मधल्या चुन्याच्या रेषेवर येतात. ध्रुवांकडून प्रत्येकाच्या कमरेला दोरी. पुढची शिट्टी, हात सुटतात, दोन्हीकडे ओढ. शेवटी दोन्ही टोकांना दोन नवी कडी. वीस मिनिटांत होतं.

भिंगरी
गवतफुला, मी हे दोनदा करून सोडून दिलं. मुलांच्या लक्षात रस्सीखेच राहते, पेशी राहत नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर सांगतात, "आमची बाजू जिंकली."

गवतफुला
होतं तसं, पण माझ्याकडे एक उपाय आहे. खेळ संपल्या संपल्या तिथेच मैदानावर मोजायला लावते. "इकडे किती आले? तिकडे किती? दोन्हीकडे प्रत्येक जोडीतलं एकेक आहे का?" जोड्यांच्या पाठीवर आकडे चिकटवलेले असतात, १ आणि १, २ आणि २ असे. एकदा ३ आकड्याची दोन्ही मुलं एकाच बाजूला गेली, घट्ट मैत्रीण सोडायला तयार नाही! मी खेळ थांबवला आणि विचारलं, आता या दोन पेशींचं काय होईल? एकीकडे ३ जास्त, दुसरीकडे ३ नाहीच. तो तास मी कधी विसरणार नाही. गुणसूत्रांची संख्या चुकली तर काय होतं हा विषय एरवी आठवीत काढायचं धाडस झालं नसतं, तो मुलांनीच काढला.

सूक्ष्म
सुंदर! फक्त एक दुरुस्ती, दोरीनं ओढण्याबद्दल. तर्कुतंतू स्नायूसारखे आवळले जात नाहीत. ते लहान लहान प्रथिनांच्या मण्यांचे बनलेले असतात आणि गुणसूत्राला जिथे जोडलेले असतात त्या टोकाशी त्यांचे मणी सुटत जातात. तंतू तोकडा होत जातो आणि गुणसूत्र त्याला धरून ध्रुवाकडे सरकतं. मुलांना दोरी ओढायला न सांगता मुलानंच दोरीवरून हात पुढे टाकत ध्रुवाकडे जावं, असं केलंत तर खऱ्याच्या बरंच जवळ जाईल. रस्सीखेचही आपोआप बंद होईल.

भिंगरी
हे करून बघण्यासारखं आहे. माझा विरोध मागे.

काठावरची
मी इथे क्वचित लिहिते. माझ्या वर्गात दृष्टिहीन मुलगा होता. हा पाठ पूर्ण आकृत्यांवर चालतो, त्यामुळे दोन तास तो नुसता बसून राहणार हे दिसत होतं. रंगाऐवजी पोत वापरायचं ठरवलं. एक गुणसूत्र सुतळीचं, एक साटीनच्या फितीचं, एक लोकरीचं, एक गुळगुळीत नायलॉनच्या दोरीचं. गुणसूत्रबिंदूला दाबाचं बटण, म्हणजे 'टक' आवाज होऊन दोन प्रती सुट्या होतील. पेशीची कड म्हणून थाळीची उभी कड, मधली रेषा म्हणून चिकटवलेली जाड दोरी.

त्यानं चारही फुल्या बोटांनी चाचपल्या, मधल्या दोरीवर एकेक आणून ठेवली आणि मग चार वेळा टक, टक, टक, टक. शेवटी दोन्ही बाजूंना हात फिरवून म्हणाला, "इकडे सुतळी, फीत, लोकर, नायलॉन. तिकडे पण सुतळी, फीत, लोकर, नायलॉन. बरोबर वाटणी." बाकीची मुलं त्याच्याभोवती जमली होती. त्यानंतर डोळस मुलांनाही मी हीच पेटी देते, डोळे मिटून करायला सांगते.

मुळाक्षर
काठावरची, दाबाच्या बटणाची कल्पना मी उचलली. आजच शिवणाच्या डब्यातून काढून ठेवली.

पारंबी
काठावरची, लिहीत जा हो अधूनमधून.

साधा_माणूस
बटणाचा प्रयोग मुलाबरोबर घरी करून पाहिला. पू-म-प-अं म्हणणारा माझा चिरंजीव मध्यावस्थेशी थांबला आणि विचारतो, "बाबा, पेशीला कसं कळतं सगळे रांगेत आलेत ते? आमच्या सरांना तर मोजावं लागतं." मी निरुत्तर. सूक्ष्म, सांगा आता.

सूक्ष्म
तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा, यावर कितीतरी प्रयोगशाळा काम करतात. पेशी 'सगळे आले का' असं मोजत नाही, 'कुणी राहिलंय का' ते बघते. जे गुणसूत्र तंतूंना नीट जोडलं गेलेलं नाही तिथून 'थांबा' असा रासायनिक निरोप जात राहतो. एक जरी गुणसूत्र सुटं असलं तरी सगळी रांग थांबते. शेवटचं जोडलं गेलं, दोन्ही ध्रुवांकडून ताण आला, की निरोप बंद होतो. मग अर्धगुणसूत्रांना बांधून ठेवणारी प्रथिनं कापली जातात आणि सगळ्या जोड्या जवळपास एकाच वेळी सुटतात. मैदानावरच्या खेळात हे घालता येईल: ज्याच्या कमरेला दोरी नाही त्यानं "थांबा, थांबा" म्हणत राहायचं.

गवतफुला
घातलंच समजा.

दवबिंदू
क्रमाबद्दल राहिलं होतं. मी चार (खरं तर आठ-दहा) चित्रं क्रमांक न घालता, पिसून देतो आणि मुलांना क्रम लावायला सांगतो, कारणासहित. फ्लेमिंगपुढेही हीच अडचण होती. रंगवलेली पेशी मेलेली असते, ती पुढे सरकत नाही. समोर शेकडो पेशी, प्रत्येक वेगळ्या क्षणी थांबलेली. कोणती आधीची, कोणती नंतरची? त्यानं सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या अळ्या निवडल्या कारण त्यांच्या पेशी आणि गुणसूत्रं मोठी असतात, आणि जिवंत पेशींतही विभाजन पाहून क्रम ताडून घेतला. मुलांना हे सांगितलं की चित्रं लावायचं काम त्यांना कोडं वाटतं. आणि दोन चित्रांच्या मधलं चित्र हाती आलं की वाद होतो, "ही पूर्वावस्था की मध्यावस्था?" तो वाद होऊ द्यावा. अवस्था आपण पाडलेल्या आहेत, पेशी मधे कुठे थांबून पाटी लावत नाही.

शेवाळ
आता प्रात्यक्षिकाबद्दल, मी प्रयोगशाळा सांभाळतो. कांद्याच्या मुळांची स्लाइड बहुतेकांची बिघडते ती तीन ठिकाणी.

एक, मुळाचं टोक. फक्त शेवटचे दोन मिलिमीटर घ्यायचे. विभाजन तिथेच चालतं. मुलं हौसेनं सेंटिमीटरभर तुकडा घेतात आणि मग लांबट, शांत पेशींचं रान दिसतं, विभाजन एकही नाही. रंग दिल्यावर टोक बाकीच्यापेक्षा गडद होतं, ते गडद तेवढंच ठेवा, मागचं ब्लेडनं काढून टाका.

दोन, मऊ करणं. मुळं आदल्या दिवशी तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्लात ठेवलेली असतात. मग कोमट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं, म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटतात. आम्लाचं हे काम शिक्षकांनीच करावं, चष्मा आणि हातमोजे घालून. आठवीच्या मुलांच्या हाती धुतलेली, रंगवलेली टोकंच द्यायची.

तीन, दाबणं. कव्हरस्लिपवर (स्लाइडवरच्या पातळ काचेवर) टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबायचं. अंगठा जरा जरी फिरवला तरी पेशी लोळतात आणि गुणसूत्रांचा चिखल होतो. आधी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलके हलके ठोकलं तर पेशी छान पसरतात.

आणखी एक. मुलं स्लाइडमध्ये तारककेंद्र (प्राण्यांच्या पेशीत तर्कुच्या टोकाशी असणारा ठिपका) शोधत बसतात, कारण पुस्तकातल्या आकृतीत असतं. कांद्यात ते नसतंच! उच्च वनस्पतींच्या पेशी तारककेंद्राशिवाय तर्कु तयार करतात. हे आधी सांगा, नाहीतर हुशार मूल रंगाच्या ठिपक्याला तारककेंद्र म्हणून वहीत काढतं. शेवटची वाटणीही वेगळी दिसते. प्राण्यांची पेशी कडेनं आवळली जाऊन दुभंगते, कांद्याच्या पेशीत मधोमध नवी भिंत सुरू होते आणि बाहेरच्या दिशेनं वाढते.

रानजाई
शेवाळ, तुमचा प्रतिसाद छापून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायला हवा. मी पुरवणी जोडते: स्लाइड दिसली की मोजायला लावा. समजा मुलांनी २०० पेशी मोजल्या आणि त्यातल्या २० विभाजनात सापडल्या. मग विचारायचं, बाकीच्या १८० काय करतायत? प्रत्येक पेशी आपापल्या वेळेनं चाललेली असते, म्हणून ज्या अवस्थेत जास्त पेशी सापडतात ती अवस्था जास्त वेळ चालते. दहातली एक पेशी विभाजनात, म्हणजे पेशीचक्राचा (एका विभाजनापासून पुढच्यापर्यंतच्या काळाचा) दहावा हिस्सा वेळ विभाजनाला. पश्चावस्था शोधून शोधून सापडत नाही म्हणून मुलं कुरकुरतात. न सापडणं हेच उत्तर आहे, ती इतकी झटकन उरकते. गणिताचे शिक्षकही खूश होतात.

सूक्ष्म
जोडीला सांगायला: प्रयोगशाळेत वाढवलेल्या, भराभर वाढणाऱ्या मानवी पेशींचं चक्र साधारण २४ तासांचं धरतात, त्यातलं विभाजन तासाभराचं. बाकी सगळा इंटरफेज.

पारंबी
थोडं अवांतर, पण मनात आहे म्हणून लिहिते. हा पाठ शिकवताना एका मुलीनं विचारलं होतं, "आईला औषध दिल्यापासून तिचे केस गेलेत, त्याचा याच्याशी संबंध आहे का?" वर्ग चिडीचूप झाला. मला थोडं माहीत होतं, तेवढं सांगितलं. कर्करोगात पेशी थांबायचे निरोप न मानता विभागत राहतात. बरीच औषधं विभाजनावरच घाव घालतात, पण केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही भराभर विभागत असतात, त्यांनाही ते लागतं. औषध थांबल्यावर केस बहुतेकदा परत येतात, हेही सांगितलं. ती नंतर येऊन म्हणाली, "म्हणजे औषध काम करतंय." मी नुसती मान हलवली. तिथे काय म्हणायला हवं होतं, हे मला अजून नीट सुचलेलं नाही.

सूक्ष्म
पारंबी, तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, तेवढं पुरे होतं.

पुढे कुणी विचारलं तर सदाफुली दाखवा. त्या झाडापासून मिळणारं विन्क्रिस्टिन हे औषध तर्कुतंतू बनूच देत नाही. यू वृक्षाच्या सालीत सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल उलट करतं, तंतूंचे मणी सुटू देत नाही. दोन्हीकडे पेशी मध्यावस्थेच्या उंबरठ्यावर अडकते. मुलांनी मैदानावर केलेला खेळ आणि रुग्णालयातलं औषध, दोन्हींत तर्कु तोच.

कोल्चिसिन हे रसायनही विन्क्रिस्टिनसारखंच. रांगेत अडकलेली गुणसूत्रं मोजायला सोपी जातात म्हणून ते वापरतात. माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असं १९२३ पासून तीसहून जास्त वर्षं मानलं जात होतं. १९५६ मध्ये तियो आणि लेवान या शास्त्रज्ञांनी कोल्चिसिन वापरून, पेशी फुगवून गुणसूत्रं नीट पसरवली आणि ती ४६ भरली. स्लाइडवर मोजताना चुकलेल्या मुलाला हे नक्की सांगा, धीर येतो.

साधा_माणूस
अर्धगुणसूत्री विभाजनही (मायोसिस, ज्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते) लगेच शिकवायचं का? चिरंजीवांचा गोंधळ तिथून सुरू झाला.

भिंगरी
माझं ठाम मत, लगेच नाही. मधे आठवडा तरी जाऊ द्यावा. सूत्री विभाजनात फुलीच्या दोन भुजा सुटतात हे हातात पक्कं बसल्याशिवाय, पहिल्या वाटणीत अख्ख्या फुल्या वेगळ्या होणारं विभाजन समोर आणलं की दोन्ही कालवली जातात. मुळाक्षरच्या विद्यार्थिनीची आकृती मला त्याच गोंधळातून आलेली वाटते. तिनं चार सारख्या फुल्यांऐवजी दोन लांब-दोन आखूड अशा जोड्या काढल्या असतील तर तपासून बघा.

मुळाक्षर
भिंगरी, पेपर पुन्हा काढून पाहिला. बरोबर! लाल लांब, निळी लांब, लाल आखूड, निळी आखूड. लाल वर, निळ्या खाली. तिनं कुठेतरी अर्धगुणसूत्री विभाजनाचं चित्र पाहिलं होतं आणि तेच तिच्या डोक्यात बसलं होतं. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

मुळाक्षर
धागा वर काढतेय, कारण काल पहिला तास झाला.

नावं फळ्यावर लिहिली नाहीत. सुटी लोकर आणि बटणं दिली, "प्रत करा, बांधा, गुंडाळा, वाटा" एवढंच सांगितलं. पहिल्या दहा मिनिटांत गोंगाट खूप. एका गटानं प्रत न करताच वाटणी केली, त्यांच्या दोन्ही पेशी अपुऱ्या. दुसऱ्या गटानं प्रत केली पण बांधली नाही, आणि शेवटी एका बाजूला तीन लाल धागे सापडले. मी काही बोलले नाही. त्यांचं त्यांनीच पुन्हा केलं.

ती मुलगी खिडकीशेजारी बसली होती. तिनं एकदा वाटणी केली. मग मी न सांगता एका नव्या पेशीतले सुटे धागे घेतले, लोकरीच्या गुंड्यातून नव्या प्रती कापल्या, बांधल्या आणि पुन्हा वाटल्या. पुन्हा कापल्या. तिसऱ्यांदा तिची लोकर संपली तेव्हा हात वर करून म्हणाली, "बाई, लोकर संपली. पेशी नाही संपली."

मला पुढे बोलता येईना. मग भिंगरीची आवराआवर, रांग, ताटातूट, दोन संसार फळ्यावर लिहिली आणि शेजारी चार खरी नावं.

परवा प्रात्यक्षिक आहे. मुळं चांगली दोन सेंटिमीटर वाढलीत, उद्या टोकं कापून अल्कोहोल-आम्लात ठेवते. शेवाळ, तीस मुलांना किती कव्हरस्लिप लागतील?

शेवाळ
शंभर ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात निम्म्या फुटतील. आणि अंगठा फिरवायचा नाही, हे प्रत्येक बाकापाशी जाऊन सांगा.

गवतफुला
"पेशी नाही संपली"!! मोजलेले आकडे इथे टाका, वाट बघतेय.